गरम झाली की न घेणारी गाडी : सेल्फच्या वारंवार बिघाडाचा एक प्रकरण अभ्यास

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान रत्नागिरीत राहतात आणि पावस परिसरातील एका माध्यमिक शाळेत शिकवतात. त्यांची १.३ लिटर क्षमतेची, चार सिलिंडरची डिझेल गाडी ११ वर्षांची असून तिचे धावणे १ लाख ४० हजार किलोमीटरच्या पुढे गेले आहे. घर भाट्याच्या बाजूला, समुद्राच्या अगदी जवळ आहे आणि गाडी तिन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या पत्र्याच्या शेडखाली उभी राहते. या गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, नऊ महिन्यांत दोनदा निकामी ठरला, एकदा दुरुस्त झाला, एकदा बदलला गेला आणि तरीही मूळ तक्रार परत आली. अनेक वर्षे मी वाहनांच्या विद्युत यंत्रणेचे काम शिकवले आहे. या प्रकरणात चूक एका माणसाची नव्हती, तपासाच्या पद्धतीची होती, आणि ती सर्वत्र होते, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

तक्रार सप्टेंबरमध्ये, पावसाळा सरताना सुरू झाली. सकाळी गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू होई. दिवसभर शाळेच्या आवारात उभी राहिल्यावर संध्याकाळीही सुरू होई. मात्र वाटेत पेट्रोल पंपावर किंवा दुकानापाशी दहा-पंधरा मिनिटांसाठी बंद केली, की किल्ली फिरवल्यावर बॉनेटखालून ‘टक’ असा एकच आवाज येई आणि पुढे काहीही होत नसे. चार-पाच वेळा किल्ली फिरवल्यावर, किंवा अर्धा तास थांबल्यावर, गाडी पुन्हा सुरू होई.

प्रथम बॅटरी बदलली गेली. ती चार वर्षांची होती, त्यामुळे तो निर्णय अवाजवी नव्हता; पण दोन आठवड्यांत तक्रार परत आली. मग मिस्त्रींनी रस्त्यातच एक प्रयोग केला. कोणी किल्ली फिरवत असताना त्यांनी सेल्फच्या अंगावर पान्याने हलके ठोकले आणि गाडी सुरू झाली. ठोकल्यावर चालू होणारा सेल्फ म्हणजे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे) संपलेला सेल्फ, हा गॅरेजमधला जुना आणि बहुतेक वेळा खरा ठरणारा आडाखा आहे. सेल्फ उतरवला गेला, चारही कार्बन नवे बसवले, आर्मेचरचा, म्हणजे फिरत्या भागाचा, कॉम्युटेटर (कार्बन जेथे टेकतात तो तांब्याचा भाग) लेथवर साफ करून घेतला आणि सोलेनॉइडमधील, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचमधील, तांब्याचे संपर्क बदलले. गाडी फेब्रुवारीपर्यंत उत्तम चालली. फेब्रुवारीत तोच ‘टक’ परत आला, तेव्हा जुना सेल्फ देऊन बदल्यात पूर्ण दुरुस्त केलेला दुसरा सेल्फ घेतला गेला. तो साडेतीन महिने टिकला. जूनच्या सुरुवातीला मी रत्नागिरीला गेलो, तेव्हा भाऊजी म्हणाले, “अरे, आता नवाकोराच सेल्फ आणायचा म्हणतोय. तू एकदा बघून घे, म्हणजे पैसे वाया जायला नकोत.”

मी भाऊजींना विचारलेला पहिला प्रश्न असा होता की, गाडी घेत नाही तेव्हा पुढचे दिवे लावले असता किल्ली फिरवताना ते मंद होतात का. त्यांनी ते पाहिलेले होते: दिवे जवळजवळ तसेच राहतात. हे उत्तर फार मोलाचे आहे, पण त्याचा अर्थ लावण्यासाठी सेल्फ कसा चालतो ते आधी नीट समजून घ्यावे लागते.

सेल्फ ही एक लहान पण अत्यंत ताकदवान डी.सी. मोटर आहे. इंजिनाच्या फ्लायव्हीलभोवती दात असलेली मोठी कडी बसवलेली असते, तिला रिंग गिअर म्हणतात. सेल्फच्या टोकाला असलेले लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, फक्त गाडी सुरू करण्यापुरते पुढे सरकून त्या कडीत अडकते. दोन्हींच्या दातांचे प्रमाण साधारणपणे १० ते १५ पट असते, म्हणून हाताच्या पंजात मावणारी मोटर दाबाने भरलेली चार सिलिंडरे फिरवू शकते. हलक्या आधुनिक सेल्फमध्ये मोटर आणि पिनियन यांच्यामध्ये आणखी एक गिअरचा संच असतो. त्यामुळे मोटर आकाराने लहान राहते, मात्र तिला फार वेगाने फिरावे लागते.

पिनियन पुढे ढकलण्याचे आणि मोटरला वीज देण्याचे अशी दोन कामे सोलेनॉइड करतो, आणि या प्रकरणाचा निम्मा भाग त्याच्या पोटात दडलेला आहे. त्यात दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, ओढणारी. दुसरी बारीक तारेची, धरून ठेवणारी. किल्ली फिरवली की ५० क्रमांकाच्या टर्मिनलवर वीज येते आणि दोन्ही गुंडाळ्या मिळून लोखंडी दट्ट्या आत खेचतात. दट्ट्याला जोडलेला काटा पिनियन पुढे सरकवतो आणि प्रवासाच्या अगदी शेवटी दट्ट्या तांब्याची एक चकती दोन जाड संपर्कांवर दाबतो. तेथून बॅटरीचा पूर्ण प्रवाह मोटरमध्ये जातो. त्याच क्षणी ओढणाऱ्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखेच व्होल्ट मिळतात, म्हणून तिच्यातून प्रवाह वाहणे थांबते आणि दट्ट्या जागेवर ठेवण्याची सारी जबाबदारी एकट्या धरून ठेवणाऱ्या गुंडाळीवर येते. ही गुंडाळी सेल्फच्या अंगातूनच, म्हणजे इंजिनाच्या धातूतून, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची वाट) घेते. ही बाब लक्षात ठेवावी, पुढे तिच्यावरच सर्व अवलंबून आहे.

इंजिन सुरू झाले की ते एका क्षणात मिनिटाला ८००-९०० फेऱ्यांवर जाते. त्या वेळी पिनियन अडकलेले असेल तर मोटर त्याच्या दहा-बारा पट वेगाने फिरवली जाऊन फाटेल. ते होऊ नये म्हणून पिनियनमागे एकाच दिशेने जोर पोचवणारा क्लच असतो. आपल्याकडे या सगळ्या जोडणीला सरसकट ‘बेंडिक्स’ म्हणतात. किल्ली सोडली की दोन्ही गुंडाळ्यांतील चुंबकत्व एकमेकांविरुद्ध जाते, स्प्रिंग दट्ट्या मागे खेचते आणि संपर्क तुटतो.

चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो प्रथम नित्याच्या उत्पादनात आला. त्याआधी हँडल मारून इंजिन फिरवावे लागे आणि ते उलटे फटकारले तर मनगट मोडे. आपल्याकडे जुन्या जीप चालवलेल्या माणसांना तो अनुभव सांगायला नको. केटरिंग यांच्या कल्पनेचे मर्म असे होते की, ही मोटर सतत चालायची नाही. ती काही सेकंदच चालणार असेल, तर तिच्याकडून तिच्या आकाराला एरवी न झेपणारे काम घेता येते. आजचा प्रत्येक सेल्फ याच तत्त्वावर बांधलेला आहे. त्याला थंड करणारा पंखा नसतो, त्याच्या गुंडाळ्या सलग भारासाठी नसतात आणि त्याचे कार्बन दिवसभर घासण्यासाठी बनवलेले नसतात. म्हणून जे काही इंजिन सुरू व्हायला लागणारा वेळ वाढवते, ते सेल्फचे आयुष्य खाते. दोन सेकंदांचे काम सहा सेकंदांत होऊ लागले तर झीज आणि उष्णता दोन्ही तिप्पट काळ चालतात.

आता दिव्यांकडे परत येऊ. किल्ली फिरवताना दिवे एकदम मंद होत असतील, तर बॅटरीतून भरपूर प्रवाह निघतो आहे किंवा बॅटरीच कमकुवत आहे. कमकुवत बॅटरीचा आवाजही वेगळा असतो. दट्ट्या आत जातो, मोटर प्रवाह घेते, व्होल्ट कोसळतात, धरणारी गुंडाळी दट्ट्या सोडते, व्होल्ट पुन्हा वर येतात आणि दट्ट्या पुन्हा आत जातो. म्हणून ‘टकटकटकटक’ अशी माळ ऐकू येते. येथे एकच ‘टक’ होता आणि दिवे उजळ होते. याचा अर्थ दट्ट्या हलला, पण मोटरपर्यंत पुरेसा प्रवाह पोचलाच नाही. असे तीन ठिकाणी होऊ शकते: सोलेनॉइडचे तांब्याचे संपर्क जळालेले असणे, कार्बन कॉम्युटेटरला न टेकणे, किंवा इंजिन ते बॅटरी या परतीच्या वाटेत अडथळा असणे. मिस्त्रींनी पहिल्या दोन शक्यता निकालात काढल्या होत्या. तिसरीकडे कोणी पाहिले नव्हते, कारण ती सेल्फच्या बाहेर आहे.

खरे तर पाहिले नव्हते असे म्हणणेही अन्यायाचे होईल. मिस्त्रींनी मीटरची ‘बीप’ लावून इंजिन ते बॅटरी निगेटिव्ह अशी तपासणी केली होती आणि बीप आली होती. टेस्ट लॅम्पही उजळ लागला होता. वाहन-विद्युत कामातला सर्वांत मोठा सापळा हाच आहे. टेस्ट लॅम्प एक-दोन अँपिअरपेक्षा जास्त घेत नाही. अर्थच्या पट्टीचा एक धागा शिल्लक असला तरी तो पेटतो. मीटरची बीप तर त्याहून नगण्य प्रवाहावर वाजते. सेल्फला मात्र २०० अँपिअर लागतात. एक ओमच्या दीडशेव्या भागाएवढा अडथळा साध्या मीटरवर शून्यच दिसतो, पण २०० अँपिअर वाहताना तोच अडथळा १.३ व्होल्टपेक्षा जास्त गिळतो. म्हणून सेल्फच्या वाटेची परीक्षा तिच्यातून पूर्ण प्रवाह वाहत असतानाच घ्यावी लागते, आणि तीही ओममध्ये न घेता व्होल्टमध्ये घ्यावी लागते.

मी इंजेक्टरांचे कनेक्टर काढले, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. (यामुळे संगणकात दोषाची नोंद होते, ती काम संपल्यावर स्कॅनरने पुसावी लागते.) इंजिन त्या वेळी कोमट होते. भाऊजींनी किल्ली फिरवली आणि प्रत्येक वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त न फिरवता, मध्ये पुरेशी विश्रांती देत, मी एकेक मोजमाप घेतले. बॅटरी स्थिर असताना १२.५ व्होल्ट होती. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन खुंटांवर १०.६ व्होल्ट होते. बॅटरी निर्दोष आहे हे येथेच ठरले, कारण अशा भाराखाली ९.६ च्या खाली न जाणारी बॅटरी सहसा ठीक मानतात. क्लॅम्प मीटरवर प्रवाह २१० अँपिअरच्या आसपास होता. स्कॅनरवर इंजिनाचा वेग मिनिटाला १६५ फेरे दिसला. फेरे कमी वाटले, पण तेवढ्यावर काही ठरत नव्हते.

मग वाट तुकड्यातुकड्याने तपासली. बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या ३० क्रमांकाच्या स्टडपर्यंत ०.३ व्होल्ट घट होती, ती चालण्यासारखी आहे. ३० क्रमांकाच्या स्टडपासून मोटरकडे जाणाऱ्या स्टडपर्यंत, म्हणजे सोलेनॉइडच्या तांब्याच्या संपर्कांवर, ०.५ व्होल्ट होती. साडेतीन महिन्यांपूर्वी बसवलेल्या सेल्फसाठी ही नक्कीच जास्त आहे. नंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरे थेट सेल्फच्या अंगावर ठेवले. किल्ली फिरली आणि आकडा १.४ वर गेला. या जागी ०.२-०.३ च्या आत असायला हवे.

हा आकडा दिसला तेव्हा मला समाधानापेक्षा वाईट जास्त वाटले. दोन सेल्फ, एक बॅटरी, चार रजा आणि पावसच्या रस्त्यावर भर पावसात काढलेली एक रात्र, एवढे सगळे या एका आकड्याच्या मागे होते आणि तो दोन मिनिटांत सापडला होता.

त्या १.४ व्होल्टचाही माग काढला. या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जोडलेली आहे आणि बॉडीपासून गिअरबॉक्सच्या आवरणापर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी जाते. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असल्यामुळे सेल्फच्या २०० अँपिअरना परत यायला ही पट्टी हीच मुख्य वाट आहे. खुंट ते क्लॅम्प ०.०२, केबल आणि बॉडीचा बोल्ट ०.०८, पट्टीची पूर्ण लांबी ०.१० आणि पट्टीच्या शेवटच्या लगपासून (बोल्ट ज्यातून जातो त्या टोकाच्या कडीपासून) गिअरबॉक्सच्या धातूपर्यंत १.२० अशी वाटणी झाली. लग आणि धातू यांच्यात एक मिलिमीटरही अंतर नव्हते, बोल्ट घट्ट होता, आणि तरीही ८५ टक्के नुकसान त्या एका सांध्यात होते.

बोल्ट काढल्यावर कारण डोळ्यांनी दिसले. गिअरबॉक्सचे आवरण ॲल्युमिनियमचे, लग तांब्याचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असतील आणि त्यांच्यामध्ये खारे पाणी असेल, तर तो एक छोटा विद्युत घटच होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. त्याचा जो पांढरा भुकटीसारखा थर बनतो, तो विजेचा वाहक नाही. लगच्या खाली असा थर सगळीकडे पसरलेला होता. फक्त बोल्टच्या आट्यांतून आणि कडेच्या एका चंद्रकोरीएवढ्या जागेतून वीज जात होती. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, त्यात उघड्या शेडमध्ये समुद्रावरचा खारा वारा, आणि सांध्याची जागा बॅटरीच्या तबकाच्या बरोबर खाली, जेथे वरून ओघळणारे सगळे जमते. अकरा वर्षांत असे झाले नसते तरच नवल.

गिअरच्या केबलने एक पुरावा आधीच दिला होता. बोल्ट शोधताना गिअरबॉक्सवरील ब्रॅकेटजवळ केबलचे प्लॅस्टिकचे आवरण किंचित वितळून चिकटलेले आढळले. मुख्य वाट अडली की विजेने दुसरी वाट शोधली होती: सेल्फचा काही प्रवाह गिअर केबलच्या पोलादी गाभ्यातून बॉडीकडे जात होता. ज्या गाडीत क्लचची किंवा गिअरची केबल सेल्फ मारताना गरम होते, त्या गाडीत इंजिनाचा अर्थ गेलेला आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. ही खूण पाहायला मीटरही लागत नाही.

आता मुख्य प्रश्न उरतो. दोष अर्थमध्ये होता, तर सेल्फ का मरत होते, आणि सेल्फ बदलल्यावर गाडी काही महिने चांगली का चालत होती?

दोन्हींची उत्तरे धरून ठेवणाऱ्या गुंडाळीत आहेत. तिचा अर्थ सेल्फच्या अंगातून आहे, म्हणजे त्याच खराब सांध्यामागे आहे. मोटर फिरू लागण्याच्या पहिल्या क्षणी ती स्थिर असते आणि चालू प्रवाहापेक्षा कितीतरी जास्त प्रवाह घेते. तो ३५० अँपिअर धरला, तर २१० ला १.४ व्होल्ट खाणारा अडथळा त्या क्षणी सुमारे २.३ व्होल्ट खातो. बॅटरी तेव्हा ९.६ पर्यंत खाली येते असे समजू आणि किल्ली व रिलेच्या वाटेत ०.६ व्होल्ट जातात असे धरू. मग गुंडाळीला मिळतात ६.७ व्होल्ट. हे मोजलेले आकडे नाहीत, मोजलेल्या अडथळ्यावरून केलेला हिशेब आहे. पण त्यात एक भर अजून घालायची आहे. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. गाडी बंद केल्यावर इंजिनातली उष्णता बाहेर न्यायला वारा किंवा पाणी फिरत नसते, म्हणून सेल्फच्या आसपासचे तापमान काही मिनिटे उलट वाढतच जाते. गुंडाळी थंड अवस्थेपेक्षा ८० अंशांनी तापली असेल, तर तिचा रोध सुमारे ३१ टक्के वाढतो आणि ६.७ व्होल्ट तिच्यासाठी थंड असतानाच्या सुमारे ५.१ व्होल्टसारखे होतात. बारा व्होल्टच्या गुंडाळीने पाच व्होल्टच्या बळावर स्प्रिंगविरुद्ध दट्ट्या धरून ठेवायचा, अशी ही अवस्था आहे.

तक्रार दहा-पंधरा मिनिटांच्या थांब्यानंतरच का येत होती, याचे उत्तर येथे मिळते. इंजिन गरम असताना तेल पातळ असते आणि ते फिरवायला उलट सोपे जाते. अडचण इंजिनाची नव्हती, उष्णतेने अशक्त केलेल्या चुंबकाची होती. दिवसभर थांबल्यावर गाडी सुरू होत असे, कारण गुंडाळी तोवर थंड झालेली असे.

दट्ट्या धरला गेला नाही की तांब्याची चकती संपर्कांवरून सुटते, आणि ती सुटते तीनशे अँपिअर वाहत असताना. तेथे ठिणगी पेटते. एका वेळेला त्याने काही होत नाही. पण दिवसातून तीन-चार वेळा, आठवड्यानुआठवडे, असे होत राहिले तर तांबे वितळून उडते, पृष्ठभाग काळा आणि खडबडीत होतो आणि मग दट्ट्या पूर्ण आत गेला तरी मोटरला वीज मिळत नाही. म्हणजेच ‘टक’ आणि शांतता. नवा सेल्फ बसवला की त्याचे संपर्क गुळगुळीत असतात, स्प्रिंग आणि कार्बन ताजे असतात, म्हणून खराब अर्थ असूनही तो काही काळ निभावून नेतो. त्यातच सेल्फ काढताना बॅटरीची वायर सोडली जाते, आसपास हात फिरतो, पट्टीला धक्का लागून सांधा तात्पुरता थोडा सुधारतो. काही महिने गाडी चालते आणि सगळ्यांची खात्री पटते की दोष सेल्फमध्येच होता.

सेल्फ उतरवून उघडला तेव्हा हे सर्व तांब्यावर लिहिलेले होते. (उतरवण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडणे अटळ आहे, ३० क्रमांकाचा स्टड किल्ली बंद असतानाही जिवंत असतो आणि पाना बॉडीला टेकला तर हात भाजतो.) चकतीची एक बाजू खड्ड्यांनी भरलेली, एका संपर्काची कड अर्ध्याहून जास्त जळालेली. कार्बन मात्र भरपूर शिल्लक होते, बुशमध्ये (आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीत) खेळ नव्हता, आर्मेचर कोठेही घासलेले नव्हते, बेंडिक्स एका दिशेने पक्का धरत होता आणि दुसऱ्या दिशेने मोकळा फिरत होता. सहा-सात भागांपैकी एकच जळाला होता. सेल्फ खरोखर जुना होऊन गेला असता, तर झीज अशी एका जागी गोळा झाली नसती. फेब्रुवारीत बदली दिलेला सेल्फ आता पाहता येणार नव्हता, पण पहिल्या दुरुस्तीत काढलेली चकती मिस्त्रींनी भंगाराच्या डब्यात ठेवली होती. तिच्यावरही तेच खड्डे होते. ती त्यांनी स्वतः शोधून आणून दाखवली, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे.

पान्याने ठोकल्यावर गाडी का सुरू झाली होती, हेही आता उलगडते. ठोक्याने अडकलेला कार्बन हलतो हे खरेच, पण जळालेल्या चकतीची जागाही त्याने किंचित बदलते आणि तिचा एखादा चांगला भाग संपर्काखाली येतो. तोच उपाय दोन वेगळ्या दोषांत लागू पडतो, म्हणून त्यावरून दोष ओळखता येत नाही.

दुरुस्तीआधी एक शेवटची पडताळणी केली, आणि मला वाटते की कोणत्याही मिस्त्रींनी सेल्फला हात लावण्यापूर्वी हीच करावी. त्या वेळी बोल्ट परत बसवून सर्व पूर्ववत केले होते. गाडी पंधरा किलोमीटर फिरवून आणली, दहा मिनिटे उभी केली आणि ती अपेक्षेप्रमाणे घेईना. तेव्हा जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटाला आणि दुसरे इंजिन उचलण्याच्या लोखंडी कडीला लावले. गाडी लगेच सुरू झाली. केबल काढून गाडी बंद केली आणि लगेच परत प्रयत्न केला, तेव्हा पुन्हा ‘टक’. मिस्त्री शेजारी उभे होते. ते म्हणाले, “साहेब, ही केबल माझ्याकडं पण हाय की.” खरोखर, प्रत्येक गॅरेजमध्ये ती असते.

प्रत्यक्ष दुरुस्ती फारशी सांगण्यासारखी नाही. गिअरबॉक्सवरील जागा बारीक कानसेने धातू चमकेपर्यंत घासली, त्याच जाडीची कथील चढवलेली नवी पट्टी बसवली, बोल्ट आवळल्यानंतर सांध्यावर बाहेरून पेट्रोलियम जेलीचा थर दिला. इंजिनाच्या दुसऱ्या बाजूने बॉडीला आणखी एक पट्टी जोडली, कारण या हवेत एकाच सांध्यावर विसंबून राहणे बरे नाही. सोलेनॉइडचे संपर्क आणि चकती बदलली. जुना सेल्फ तोच राहिला.

नंतर तीच मोजमापे त्याच क्रमाने घेतली. बॅटरीवर पुन्हा १०.६ व्होल्ट, पॉझिटिव्ह वाटेत ०.३, संपर्कांवर ०.१ आणि अर्थमध्ये ०.१. पूर्वी मोटरला ८.४ व्होल्ट मिळत होते, आता १०.१ मिळू लागले. प्रवाह जवळपास तेवढाच, २१० च्या आसपास राहिला. विद्यार्थ्यांना याचे नेहमी आश्चर्य वाटते. त्यांना वाटते व्होल्ट वाढले की प्रवाहही तेवढाच वाढेल. पण सेल्फ किती प्रवाह घेणार, हे मुख्यतः इंजिन फिरवायला किती जोर लागतो त्यावर ठरते. जास्त व्होल्ट मिळाले की तोच जोर जास्त वेगाने लागतो. स्कॅनरवर १६५ च्या जागी २१० फेरे दिसले आणि इंजेक्टर जोडल्यावर गाडी पूर्वीपेक्षा स्पष्टपणे लवकर सुरू झाली. पूर्वी त्या सांध्यात वाया जाणारी शक्ती जवळपास २५० वॅट होती. ती एका बोल्टच्या डोक्याखाली उष्णता होऊन जात होती.

या प्रकरणावरून प्रत्येक ‘टक’ अर्थमुळेच होतो, असा निष्कर्ष काढू नये. मोटर सूंऽऽ करून मोकळी फिरते पण इंजिन फिरत नाही, तेव्हा बेंडिक्सचा क्लच घसरत असतो आणि त्याला अर्थचे काही देणेघेणे नसते. खरखरीत दळल्यासारखा आवाज येतो तेव्हा पिनियनचे किंवा रिंग गिअरचे दात गेलेले असतात. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुतेक दोन ठरावीक जागांपैकी एकीवर थांबते, म्हणून रिंगचे दातही त्याच जागी जास्त झिजतात आणि गाडी एखाद्या वेळी घेते, एखाद्या वेळी नाही. इंजिन जड फिरते आणि प्रवाह नेहमीपेक्षा खूप वाढलेला दिसतो, तेव्हा झिजलेल्या बुशमुळे आर्मेचर आतून घासत असण्याची शक्यता मोठी. या तिन्ही स्थितींत सेल्फ उतरवावाच लागतो. किल्ली फिरवल्यावर ‘टक’ही येत नसेल, तर मात्र सेल्फ सोडून किल्लीचा स्विच, रिले आणि क्लचखालचा स्विच आधी पाहावा. सर्वांत घातक प्रकार यांच्याही पुढचा आहे: जळालेले संपर्क एकमेकांना चिकटून वितळले, तर किल्ली सोडल्यावरही मोटर फिरत राहते. तेव्हा बॅटरीची वायर ताबडतोब सोडणे एवढाच उपाय उरतो. भाऊजींच्या चकतीची अवस्था पाहता ती वेळ फार दूर नव्हती.

बॅटरी सुमारे साडेपाच हजार, पहिली दुरुस्ती दोन हजार, बदली सेल्फ साडेचार हजार, असा एकूण खर्च बारा हजारांच्या घरात झाला होता. पट्ट्या, संपर्क आणि मजुरी मिळून शेवटच्या कामाला नऊशे रुपये लागले. मिस्त्रींनी पैसे घ्यायला आधी नकार दिला. ताईने ते त्यांना घ्यायला लावले.

त्यानंतरचा पूर्ण पावसाळा गाडीने त्याच उघड्या शेडमध्ये काढला. दिवाळीत मी पुन्हा रत्नागिरीला गेलो, तेव्हा मीटरची दोन टोके बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि सेल्फच्या अंगावर ठेवली. भाऊजींनी किल्ली फिरवली. आकडा ०.१२ होता.